राहिलेला विषय, पुन्हा लिहिलेला निबंध



दर वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्रातून कितीतरी मुलंमुली एका वर्षाच्या मास्टर्ससाठी ब्रिटनला जातात. नवं वर्ष उजाडलं की पहिल्या सत्राच्या निबंधांचे गुण यायला लागतात आणि काही जणांच्या नावापुढे ४२ किंवा ४६ असा आकडा दिसतो. तिथं मास्टर्सला बहुतेक विद्यापीठांत ५० गुणांना पास करतात. म्हणजे विषय राहिला. घरावर शैक्षणिक कर्ज असतं, नातेवाइकांनी कौतुक केलेलं असतं आणि फोनवर आईनं विचारलं की मुलगा म्हणतो, ‘सगळं ठीक आहे.’ आज मला या मुलांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलायचं आहे.

आधी नियम समजून घेऊ. इंग्लंडमधलं मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे साधारण दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो. म्हणजे वीस क्रेडिटच्या विषयाला २०० तास. अशा विषयाचा निबंध नापास झाला तर तो पुन्हा देता येतो, पण बहुधा एकदाच. दुसऱ्या खेपेला तो कितीही चांगला उतरला तरी बहुतेक ठिकाणी गुण ५० वरच थांबतात. मात्र निबंध लिहिताना तुम्ही गंभीर आजारी असाल, घरात मृत्यू झाला असेल, आणि ते तुम्ही वेळेत पुराव्यानिशी कळवून विद्यापीठानं मान्य केलं असेल, तर पुढचा प्रयत्न पहिलाच धरतात आणि ही मर्यादा लागत नाही. म्हणून अडचण आली की त्याच वेळी कळवा. संकोचापायी गप्प राहिलेल्या मुलांचं यात फार नुकसान होतं.

आपल्याकडे गुण कमी वाटले की रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरायची सवय असते. तिथं तो मार्ग जवळजवळ बंद आहे. गुण देण्याच्या प्रक्रियेत चूक झाली असेल तर दाद मागता येते, पण ‘माझा निबंध याहून चांगला होता’ एवढ्यावर अपील चालत नाही. तेव्हा हाती उरतो तो निबंध आणि त्यावरचे परीक्षकाचे शेरे.

इथंच बरीच मुलं चुकीचा हिशेब करतात. ‘पन्नासच मिळणार, मग कशाला जीव काढायचा?’ असं म्हणून चार वाक्यं बदलायची, पाच-सहा संदर्भ वाढवायचे आणि निबंध पुन्हा पाठवून द्यायचा. असा निबंध दुसऱ्यांदाही नापास होऊ शकतो, कारण पहिल्यांदा तो ज्या कारणानं राहिला ते कारण तसंच असतं.

ते कारण काय, हे एका उदाहरणानं सांगतो. समजा प्रश्न असा आहे : ‘सूक्ष्म कर्जांमुळे घरातल्या निर्णयांत गरीब स्त्रियांचा वाटा वाढतो का?’ आपला विद्यार्थी मेहनती असतो. तो लिहितो की बांगलादेशात १९८३ साली ग्रामीण बँक रीतसर बँक झाली, २००६ साली मुहम्मद युनूस आणि त्या बँकेला शांततेचं नोबेल मिळालं. मग आपल्याकडचे बचतगट येतात, मग फायदे, मग तोटे, शेवटी समारोप. एकही माहिती खोटी नाही. तरी गुण ४४, आणि समासात शेरा : ‘वर्णन आहे, युक्तिवाद नाही.’

मुलाला हा अन्याय वाटतो. तीन तासांत पुरवण्या लावून जे जे माहीत आहे ते सगळं लिहायचं, हीच त्याची वर्षानुवर्षांची तालीम असते. त्या तालमीनं त्याला इथं उत्तम गुण दिलेले असतात. तिथला परीक्षक मात्र विचारतो, वाढतो की नाही? आणि कशावरून म्हणता? आता तोच निबंध पुन्हा लिहायचा तर अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये केलेला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उघडावा लागेल. सूक्ष्म कर्ज सुरू झालेल्या वस्त्यांत धंद्यातली गुंतवणूक वाढली, पण स्त्रियांच्या निर्णयाधिकारात ठळक फरक दिसला नाही, असं तो सांगतो. मग विद्यार्थ्याला बाजू घ्यावी लागते. कर्ज आणि अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का? बचतगटात बायका दर महिन्याला एकत्र बसतात, त्यानं काही वेगळं घडतं का? ग्रामीण बँकेचा इतिहास मग एका वाक्यात आटोपतो. निबंध असा बदलायला हवा. डागडुजीनं ते होत नाही.

परत आलेलं लिखाण पुन्हा लिहिणं म्हणजे बुद्धी कमी असल्याचा पुरावा, असं ज्यांना वाटतं त्यांना मी १९२३ सालाची आठवण करून देतो. त्या वर्षी मार्च महिन्यात लंडन विद्यापीठानं बाबासाहेब आंबेडकरांचा डी.एस्सी.चा प्रबंध स्वीकारला नाही. विषय होता रुपयाचा प्रश्न. ऑगस्टमध्ये त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला. पुढे तो ग्रंथरूपानं निघाला तेव्हा त्याला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि आपले मतभेदही त्यात मांडले. प्रबंधाची आणि कोर्सवर्कची तुलना मी करत नाही. पण पाच महिन्यांत त्या माणसानं मेहनतीनं दिलेलं उत्तर आपल्यासमोर आहे.

एक धोका स्पष्ट सांगतो. निकालानंतरच्या दिवसांत ‘पास होण्याची हमी, निबंध लिहून देऊ’ असे मेसेज येतात. इंग्लंडमध्ये अशी सेवा विकणं २०२२ च्या कायद्यानं गुन्हा ठरलं आहे. आणि विकत घेतलेला निबंध देणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यापीठ काढूनही टाकू शकतं. राहिलेला एक विषय भरून निघतो, ही गोष्ट भरून निघणं फार कठीण असतं.

निकाल लागल्याच्या आठवड्यातच शिक्षकांची वेळ मागा. तोच निबंध सुधारून द्यायचा की नवा प्रश्न घ्यायचा, हे विचारून घ्या, कारण विभागागणिक नियम बदलतो. प्रत्येक शेऱ्यासमोर आपण काय बदलणार ते लिहा आणि तो कागद त्यांना दाखवा. आणि घरी खरं सांगा. पालकांनो, मुलानं धीर करून सांगितलं तर त्या फोनवर कर्जाचा विषय काढू नका. निबंध पुन्हा कधी द्यायचा आणि मदत कोण करणार, एवढंच विचारा.

या मास्टर्सचा प्रबंध साधारण ६० क्रेडिटचा असतो, म्हणजे पदवीचा तिसरा हिस्सा. त्यालाही हेच लागतं : नेमका प्रश्न, स्वतःचं म्हणणं आणि त्याला आधार. पुन्हा दिलेल्या निबंधाचे गुण ५० वरच राहतील. पण तो लिहिताना जे हाताशी येईल, त्याचे प्रबंधात पूर्ण गुण मिळतात, आणि तिथं ५० ची मर्यादा नसते. म्हणून हा निबंध मन लावून लिहा.