कडुनिंब, संगणक आणि प्रोस्टेटचा कर्करोग

कडुनिंब हे आपल्या ओळखीचं झाड. गुढीपाडव्याला त्याची कोवळी पानं आपण तोंड वाकडं करून का होईना, पण खातोच. या झाडात गेडुनिन नावाचं एक द्रव्य असतं. २००६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना प्रोस्टेटच्या कर्करोगावर औषध शोधताना ते हाती लागलं. ही हकीकत मी सांगितली की कुणीतरी विचारतंच, "मग वडिलांना पाला वाटून देऊ का?" या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी हा शोध कसा लागला ते आधी पाहू.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी लहानशी ग्रंथी. तिचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं. त्यासाठी १९६६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. संप्रेरक कमी केलं की रोग ओसरतो. पण पुष्कळ रुग्णांत काही काळानं तो पुन्हा डोकं वर काढतो. संप्रेरक कमी असूनही त्याचा निरोप घेणारं पेशीतलं प्रथिन, म्हणजे ग्राही, काम करतच राहतं. या ग्राहीला गप्प कसं करायचं, हा खरा प्रश्न आहे.

आणि तो गप्प झाला हे ओळखायचं कसं? आपल्या पेशीत सुमारे वीस हजार जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी जागी नसतात. रात्री एखाद्या वाड्यात कोणत्या खोल्यांत दिवे लागलेत यावरून आत काय चाललंय याचा अंदाज येतो, तसंच हे. जागं जनुक आरएनएच्या प्रती काढतं. त्या मोजल्या की पेशीची त्या क्षणाची स्थिती कळते. संप्रेरक मिळाल्यावर काही जनुकं जागी होतात, काही झोपतात. हा झाला संप्रेरकाचा ठसा.

शास्त्रज्ञांनी प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर एकेक रसायन टाकून हा ठसा कशानं पुसला जातो ते पाहिलं. त्यात गेडुनिन आणि चिनी वैद्यकातल्या एका वेलीतलं सेलास्ट्रॉल ही दोन द्रव्यं पुढं आली. पण ती हे काम करतात कशी? इथं संगणक मदतीला आला. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये त्याच वर्षी १६४ रसायनांच्या ठशांचा एक संग्रह तयार झाला होता. संगणकानं ठसे ताडून पाहिले. एचएसपी-९० नावाच्या प्रथिनाला अडवणाऱ्या रसायनांशी ते जुळले. हे प्रथिन इतर प्रथिनांची घडी नीट बसवतं, आणि आपला ग्राहीही त्याच्याच आधारावर उभा असतो. प्रयोगशाळेत तपासलं, तर संगणकाचा अंदाज खरा निघाला.

आता त्या पाल्याकडे येऊ. हे सगळं घडलं ते काचेच्या बशीतल्या पेशींत, शुद्ध द्रव्याचं मोजलेलं प्रमाण वापरून. पाल्याचा रस म्हणजे गेडुनिन नव्हे. शिवाय एचएसपी-९० निरोगी पेशींनाही लागतं. त्याला अडवणारी औषधं प्रोस्टेटच्या रुग्णांना देऊन पाहिली गेली, पण अपेक्षित गुण आला नाही. गेडुनिनही औषध म्हणून मान्यतेपर्यंत पोचलेलं नाही. याउलट २०११ मध्ये अबिराटेरोन आणि २०१२ मध्ये एन्झालुटामाइड या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली, ती प्रत्येकी हजारांहून अधिक रुग्णांवरच्या चाचणीनंतर.

म्हणून ही पद्धत वाया गेली असं मात्र नाही. २०१७ पर्यंत त्या संग्रहात तेरा लाखांहून अधिक ठसे जमा झाले. कुठं शोधावं हे संगणक झटपट सांगतो. माणसाला गुण येईल का, हे मात्र माणसांवरच्या चाचणीतूनच ठरतं.

तेव्हा 'अमुक झाडपाल्यानं कर्करोग बरा' अशी बातमी वाचलीत, तर एवढंच विचारा: कुठं बरा झाला? संगणकावर, बशीत, की रुग्णात? आणि घरातले वडीलधारे लघवीच्या तक्रारी संकोचानं लपवत असतील, तर त्यांना समजावून डॉक्टरांकडे घेऊन जा. उपचार चालू असतील, तर ते पाल्यासाठी थांबवू नका. कडुनिंब पाडव्याला खाऊच की!