आमचा वारा आणि परक्यांचे कर्ज



जिंतूरहून येलदरीस जाणाऱ्या मनुष्यास पूर्णा नदीवरील धरण दिसते, तेथील तीन जनित्रे मिळून साडेबावीस मेगावॅट वीज देऊ शकतात हेही त्यास कोणी सांगते. परंतु हे सारे कोणाच्या पैशाने उभे राहिले, असा प्रश्न त्याच्या मनात क्वचितच येत असेल. पूर्णा प्रकल्पासाठी १९६२ साली भारत सरकारने जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेकडून सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर उसने घेतले होते. या संस्थेच्या त्या काळच्या कर्जांची मुदत ५० वर्षांची असे. पहिली १० वर्षे मुद्दल फेडावयाचे नसे. व्याज म्हणून काही नसे, केवळ दरसाल दरशेकडा पाऊण इतका व्यवस्थाखर्च द्यावा लागे. त्याच वर्षी कोयनेच्या दुसऱ्या टप्प्यासही हीच संस्था धावून आली. तेव्हा परकीय कर्ज म्हणताच ज्यांच्या पोटात गोळा उठतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावे की आपल्या तालुक्यातील सर्वांत मोठ्या उपयुक्त बांधकामास असे कर्ज लागलेले आहे.

आज हा विषय पुन्हा पुढे आला आहे तो पवनचक्क्यांच्या निमित्ताने. बीड व धाराशिव जिल्ह्यांतील उघड्या माळांवर या चक्क्या उभ्या राहात आहेत, आणि मराठवाड्यातील पुष्कळ कुटुंबांपुढे भाडेपट्ट्याचे कागद येऊन पडत आहेत. वारा फुकटचा आहे, मग त्याची वीज महाग का, असे पुष्कळ जण विचारतात. याचे उत्तर पवनचक्कीच्या अर्थशास्त्रात आहे. कोळशाच्या वीजघरास रोज कोळसा विकत घ्यावा लागतो. पवनचक्कीस असा रोजचा खर्च जवळजवळ नाहीच. तिचा बहुतेक सारा खर्च आरंभीच, मनोरा व यंत्र उभे करताना होऊन जातो. हा पैसा बहुतांशी कर्जाऊ आणावा लागतो. म्हणजे कोळशाच्या विजेत जी जागा कोळशाच्या भावाची, ती पवनविजेत व्याजाच्या दराची. वाऱ्याची किंमत, खरे पाहता, सावकार ठरवितो.

यास्तव कंपन्या स्वस्त व्याजाच्या शोधात परदेशी बँकांकडे वळतात, आणि यात स्वतः वावगे असे काही नाही. मात्र या स्वस्ताईस एक काटा आहे. वीज विकून रुपये मिळतात; कर्ज फेडावयाचे डॉलरांत. १९६२ मध्ये एका डॉलरास ४ रुपये ७६ पैसे पडत. १९६६ च्या अवमूल्यनानंतर साडेसात पडू लागले. आज ८० रुपयांच्याही वर मोजावे लागतात. पूर्णेच्या कर्जात ऋणको भारत सरकार होते. खाजगी कंपनीच्या कर्जात हा बोजा कोणी उचलावयाचा, हे कराराच्या एखाद्या कलमात लिहिलेले असते, आणि ते कलम कोणी वाचावयाचे हाच खरा प्रश्न असतो.

न वाचल्यास काय होते, याचा धडा महाराष्ट्राने दाभोळला घेतला. जून १९९२ मध्ये अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी वीज मंडळाने प्राथमिक करार केला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे कळवून पैसा देण्याचे नाकारले; तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. त्यात वीज घेतली न घेतली तरी क्षमतेचे शुल्क देण्याचे बंधन होते, आणि देण्याचा बराचसा भाग डॉलरशी बांधलेला होता. राज्य सरकारने मंडळाच्या वतीने हमी दिली व केंद्राने तिच्यावर प्रतिहमी दिली. असे झाल्यावर परदेशी बँका पुढे आल्या यात नवल ते काय? ज्या सावकारास सरकारची हमी मिळाली, तो धंदा चालेल किंवा नाही याची चिंता कशास करील? सावकाराचा सावधपणा हे ऋणकोचेही संरक्षण असते, आणि हमीने तेच संरक्षण काढून घेतले.

पुढे १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये बदललेल्या अटींवर पुन्हा केला. मे १९९९ मध्ये वीज येऊ लागली, मे २००१ मध्ये ती परवडेना म्हणून मंडळाने घेणे थांबविले, व डिसेंबर २००१ मध्ये खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत निघाली. प्रकल्प सावरण्यासाठी २००५ मध्ये आपल्याच सार्वजनिक कंपन्यांना पुढे व्हावे लागले.

या प्रकरणात लाच दिली गेली काय? कंपनीच्या एका अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीपुढे सांगितले की, भारतीयांच्या 'शिक्षणा'वर व प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. 'शिक्षण' या शब्दाभोवती तेव्हा मोठे वादळ उठले. कंपनीने लाचेचा आरोप नाकारला. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये निर्णयप्रक्रियेतील दोषांवर बोट ठेवले. न्यायालयांत वर्षानुवर्षे कज्जे चालले, आणि एप्रिल २०१९ मध्ये, करारास पंचवीस वर्षे लोटून गेल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण बंद केले. अपराध सिद्ध झाला नाही. पण लोकांच्या मनातील संशयही फिटला नाही. गुप्ततेत केलेल्या व्यवहाराचा हा विशेष असतो की, त्यात दोषी सापडत नाही आणि निर्दोषासही आपले निर्दोषत्व दाखविता येत नाही.

पवनचक्क्यांच्या बाबतीत लाचलुचपतीचे ठिकाण पुष्कळदा मंत्रालय नसून माळ असते. लंडन वा फ्रांकफुर्ट येथील बँकेचा अधिकारी माळावर येऊन बसत नाही; तो कागद पाहतो. जमिनीच्या हक्काचा उतारा, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, वनखात्याची परवानगी: कागद पुरे असले की पैसा सुटतो. कागद खरा आहे की विकत घेतलेला, हे त्यास दुरून कसे समजावे? माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात भीमाशंकरजवळील पवनचक्की प्रकल्पाची हकीकत नोंदविली आहे. स्थानिक वनाधिकाऱ्याने तेथील सदाहरित जंगल समृद्ध असल्याचे कळवून परवानगी देऊ नये असा अभिप्राय दिला होता; वरिष्ठांनी तो बाजूस सारला. ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याचे म्हणणे दप्तरात राहिले, आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांची सही पुढे गेली.

दुसरी गोष्ट याहून भयंकर आहे. समजा, एखाद्या प्रकल्पास ५०० कोटींचे कर्ज ९ टक्क्यांनी मिळाले. पुरी रक्कम उचलल्यावर त्याचे व्याज वर्षास ४५ कोटी, म्हणजे दिवसास सुमारे १२ लाख रुपये होते. चक्की फिरो वा न फिरो, व्याजाचे घड्याळ थांबत नाही. अशा वेळी कोणी गावगुंड रस्ता अडवून २ कोटी मागू लागला, तर ती रक्कम म्हणजे केवळ सोळा दिवसांचे व्याज. कंपनीचा हिशेबनीस मनात म्हणतो, देऊन टाका! खंडणीखोराचे बळ त्याच्या मनगटात जेवढे असते, तेवढेच या घड्याळात असते. आणि एकदा दिले की दुसरा येतो, तिसरा येतो. गावाच्या बाजूने बोलणारा प्रामाणिक मनुष्य मात्र सर्वांनाच अडचणीचा होऊन बसतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन खून झाला. पवनऊर्जा प्रकल्प उभारणाऱ्या एका कंपनीकडे २ कोटींची खंडणी मागण्यात आली आणि तिच्या आड आल्यामुळे हा खून झाला, असे तपासयंत्रणेच्या आरोपपत्रात म्हटले आहे. आरोपींचा निवाडा न्यायालय करील. परंतु व्याज, विलंब आणि खंडणी यांचा संबंध समजून घेणे हे आपले काम आहे.

उपाय नाहीत असे नव्हे. जागतिक बँकेने १९९३ मध्ये तपासणी मंडळ नेमले. आशियाई विकास बँकेसही अशी तक्रार-यंत्रणा आहे, व बाधित गावकऱ्यांना तेथे थेट अर्ज करता येतो. परक्या देशातील अधिकाऱ्यास लाच देणे अमेरिकेने १९७७ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. आपल्याकडे २०१८ च्या दुरुस्तीने लाच घेणाराबरोबर देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्यास सक्तीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांच्या आत तपासयंत्रणेस कळविल्यास त्यास संरक्षण आहे. ही सात दिवसांची तरतूद आपल्या घरांतून फारशी कोणास ठाऊक नसते, म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली.

दरही आता गुप्तपणे ठरत नाहीत. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २००३ मध्ये पवनविजेस युनिटमागे साडेतीन रुपयांपासून चढता दर बांधून दिला होता. २०१७ मध्ये केंद्रीय लिलाव झाला, तेव्हा बोली ३ रुपये ४६ पैशांवर आली. ग्राहकाचा लाभ झाला हे खरे. तथापि नफ्याची कड पातळ झाली की कंपनीचा पहिला चिमटा शेतकऱ्याच्या भाड्यास बसतो, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून कागदावर अंगठा वा सही करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने चार गोष्टी विचाराव्यात. पट्टा मराठीत लिहिलेला व रीतसर नोंदविलेला आहे काय? ठराव खरोखर ग्रामसभेत झाला, की एकाच्या ओसरीवर? कर्ज देणारी बँक कोणती, आणि तिच्याकडे तक्रार कोठे करावयाची? वीस-पंचवीस वर्षांनी चक्की मोडकळीस आल्यावर ती काढून जमीन पूर्ववत् कोण करून देणार? शहरात राहणाऱ्या ज्या सुशिक्षित मंडळींची शेते गावाकडे आहेत, त्यांनी हे प्रश्न आपल्या भाऊबंदांकरिता लिहून काढावेत, आणि सरकारी कार्यालयाकडून उत्तर न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करावा.

कर्ज देशी की परदेशी, यावर त्याचे बरेवाईट ठरत नाही. ज्या कर्जाच्या अटी गावातल्या चावडीवर वाचून दाखविता येतात, ते कर्ज घ्यावे. ज्यांच्या अटी झाकून ठेवाव्या लागतात, त्यांचे व्याज कितीही स्वस्त असले तरी ते शेवटी आपल्याच लेकरांस महाग पडते.