थेम्सचा चिखल आणि रचलेले छायाचित्र



लंडनच्या थेम्स नदीचा इतिहास छायाचित्रांतून मांडण्याचे काम ज्यूलिया फुलर्टन-बॅटन या छायाचित्रकर्तीने हाती घेतले. ‘ओल्ड फादर थेम्स’ हे त्या मालिकेचे नाव. ही छायाचित्रे घडत्या प्रसंगाची नव्हेत. चित्रपटाप्रमाणे पात्रे निवडायची, त्यांना जुन्या काळाचा पेहराव चढवायचा, प्रकाशयोजना करायची आणि भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून देखावा उभा करायचा, अशी ही पद्धत. चिखलात वेचणारी मुले, १९२८ चा पूर, टॉवर ब्रिजजवळची चौपाटी असे विषय तीत आहेत.

हा तर नटवलेला इतिहास, असा आक्षेप आपल्या वर्तुळात तत्काळ घेतला जाईल. तो घाईचा आहे. हेन्री मेह्यू या पत्रकाराचा लंडनच्या श्रमिकांवरील ग्रंथ १८५१ मधला. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून कोळशाचे तुकडे, तांब्याचे खिळे, दोरांचे तुटके अवशेष वेचणारी मुले व म्हाताऱ्या स्त्रिया यांची नोंद त्याने केली. ग्रंथातील अनेक आकृत्या डॅगेरोटाइप छायाचित्रांवरून लाकडात कोरल्या होत्या आणि त्या कॅमेऱ्यापुढे माणसाला निश्चल उभे राहावे लागे. म्हणजे अस्सल मानलेला पुरावाही उभे करूनच घेतलेला! पुढे १८७७ मध्ये जॉन टॉमसन आणि समाजवादी पत्रकार अॅडॉल्फ स्मिथ यांनी ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ काढले. त्यातील लॅम्बेथचे पूरग्रस्तही कॅमेऱ्यासमोर रीतसर उभे आहेत.

तेव्हा रचना हा दोष धरता येत नाही. त्या रचनेतून कोणता हिशेब गळतो, ते मात्र तपासले पाहिजे.

१९२८ चा पूर घ्या. ७ जानेवारीच्या पहाटे पाणी काठ ओलांडून वस्तीत शिरले आणि १४ माणसे बुडाली. त्यांतील बहुतेक तळघरांत राहणारी होती, कारण तळघराचे भाडे कमी. छायाचित्रात पाणी दिसते, भाडेपावती दिसत नाही. चौपाटीचेही तसेच. समुद्रकिनारी जाण्याची ऐपत नसलेल्या कामगार कुटुंबांसाठी १९३४ मध्ये पडावांतून वाळू आणून ती तयार केली आणि १९७१ मध्ये नदीच्या घाणीमुळे बंद केली. मधल्या पिढ्यांची मुले ज्या पाण्यात डुंबली, त्यात शहराचे सांडपाणी होते. या सांडपाण्याचा इतिहास तर फारच बोलका आहे. १८३२ पासून पटकीने गरिबांच्या वस्त्या ओस पडत होत्या, पण भुयारी गटारांना पैसा मिळाला तो १८५८ च्या उन्हाळ्यात, नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत आल्यावर!

आणि गोद्या. ईस्ट इंडिया डॉक १८०६ मध्ये उघडली. दादाभाईंनी ज्या द्रव्यशोषणाचा ताळेबंद मांडला, त्यातील माल या नदीवरच उतरत असे. तो वाहणाऱ्या हमालाला फाटकापाशी रोज नव्याने निवडले जाई, कधी काही तासांपुरतेच. १८८९ मध्ये ताशी ६ पेन्सच्या मागणीसाठी हे हमाल संपावर गेले आणि महिनाभराने जिंकले. हा प्रसंग रचणे सोपे वाटेल : फाटक, मुकादम, गर्दी, धुके. परंतु संप तगला तो ऑस्ट्रेलियातील कामगारांनी धाडलेल्या ३०,००० पौंडांहून अधिक वर्गणीवर. ती वर्गणी चौकटीत कोठे उभी करणार?