जमिनीवरचा नाच आणि 'बुगी वुगी'चे जावेद जाफरी

चिंचवडहून आम्ही बचत गटाच्या ताया बोलतोय. मागच्या वेळी कर्जफेडीचं बोललो, आज नाचाचं बोलणार आहोत. जावेद जाफरी हे नाव पस्तिशीपुढच्या बायकांना सांगावं लागणार नाही. टीव्हीवर 'बुगी वुगी' लागायचं, त्यात हसवत हसवत परीक्षण करायचे, तेच. 'शोले'तला सूरमा भोपाली झालेल्या जगदीप यांचा मुलगा.

पण आज त्यांची त्याआधीची ओळख महत्त्वाची. १९८५ साली सुभाष घईंचा 'मेरी जंग' आला. आपली नूतन त्यात आईच्या भूमिकेत. खलनायकाचा मुलगा म्हणून एक सडपातळ पोरगा नाचला. अंगात हाडं आहेत की नाहीत, असं वाटावं! तो ब्रेकडान्स. हिंदी पडद्यावर हा नाच आणणाऱ्या पहिल्या काही जणांत जावेदजी धरले जातात. तेव्हा असे क्लास गल्लोगल्ली नव्हते. बघायचं, पडायचं, परत उठायचं.

हा नाच आला कुठून? अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरीब वस्तीत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला इमारतीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट तिकीट. गाणी वाजवायला तिचा भाऊ. पुढे तो डीजे कूल हर्क म्हणून जगात गाजला. गाण्यातला फक्त ठेक्याचा तुकडा, म्हणजे 'ब्रेक', तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि पोरं त्यावर नाचायची. भावाचं नाव सगळे घेतात. हिशेब बहिणीने केला होता, हे आम्ही मुद्दाम सांगतोय.

या नाचात आधी उभ्याने पावलं टाकतात, मग हात जमिनीला टेकून पाय गरागरा फिरवतात आणि शेवटी एखाद्या अवघड अवस्थेत गपकन थांबतात. भोवती बाकीच्यांचं रिंगण असतं. एकेकाने आत यायचं, आपलं करून दाखवायचं, बाहेर जायचं.

जावेदजी स्वतः नाचून थांबले असते तर इतकं बोललो नसतो. १९९६ मध्ये भाऊ नावेद आणि मित्र रवी बहल यांच्यासोबत त्यांनी सोनी वाहिनीवर 'बुगी वुगी' सुरू केलं आणि ते बरीच वर्षं चाललं. त्यात पोरंटोरं आली, मोठी माणसं आली, आणि आयांचीही स्पर्धा झाली. मुलांना सांभाळणाऱ्या, घर चालवणाऱ्या बायका टीव्हीवर नाचल्या. कोणी चुकलं तरी चेष्टा प्रेमाने व्हायची. रडवून बघणाऱ्यांना बांधून ठेवायची रीत पुढच्या कार्यक्रमांतली. आम्हाला तरी ती आवडत नाही.

आता आमच्या गटातली गोष्ट. एका ताईने मुलीच्या ब्रेकडान्सच्या क्लाससाठी तीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. बैठकीत एकदम गलका. शिलाई मशीनला देतो, मुलाच्या कॉम्प्युटर क्लासला दिलं, पण मुलीच्या नाचाला? एक काकू म्हणाल्या, "पोरीच्या जातीनं जमिनीवर लोळायचं, पाय वर करायचे, बरं दिसतं का?" तेवढ्यात आमच्यातली सगळ्यात वयस्कर आजी म्हणाली, "मंगळागौरीला आपण काय करायचो गं? बसफुगडी, कोंबडा, गाठोडं. तेव्हा नाही कोणी म्हणालं!" सगळ्या हसल्या, पण काकू हसल्या नाहीत. त्यांचा दुसरा प्रश्न खरा होता: यात पुढे काय?

उत्तर आम्ही गोडगोड दिलं नाही. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ९ ऑगस्ट २०२४ रोजी जपानच्या अमी नावाच्या मुलीला या नाचात सुवर्णपदक मिळालं. आपल्या देशाचं त्यात कोणी नव्हतं. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार ठेवलेलाच नाही. म्हणजे पदकाच्या आशेवर कर्ज काढू नका. ताई म्हणाली, "मला पदक नको. पोरगी शाळेतून आली की मोबाईल घेऊन बसते. नाचली की जेवते, झोपते, बोलते." कर्ज मंजूर झालं, इतर कर्जांच्याच व्याजाने. काकूंनी सही केली, जरा उशिरा.

तुमच्याकडे अशी मागणी आली, तर क्लास आधी जाऊन बघा. शिकवणारा अंग मोकळं करून घेतो का, खाली जाड गाद्या आहेत का, गुडघ्याला-कोपराला पट्टे बांधायला लावतो का? डोक्यावर फिरण्याची घाई करत असेल तर मुलीला तिथे पाठवू नका, मानेचं दुखणं जन्माचं होतं. क्लास संध्याकाळचा असेल तर परत आणायला कोण जाणार, तेही त्याच बैठकीत ठरवा. आमच्याकडे आयांनी पाळ्या लावल्यात. मंगळवारची पाळी काकूंची आहे.