अंडं जन्मभर बंद करू नका

आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी गावांत अमृत आहार योजनेतून 7 महिने ते 6 वर्षांच्या लेकरांना अंगणवाडीत अंडी किंवा केळी मिळतात. एखाद्या लेकराला अंडं खाल्लं की अंगावर गांधी उठतात. मग घरचे म्हणतात, "याला जन्मभर चालायचं नाही."

तसं नसतं. दूध, अंडं, गहू यांची अ‍ॅलर्जी बहुतेक मुलांची शाळेच्या वयात निघून जाते. शेंगदाण्याची मात्र बऱ्याचदा राहते. उगाच बंद ठेवलं तर लेकराचं पोषण बुडतं.

म्हणून अंगणवाडीताईंना सांगून ठेवा. दरवर्षी डॉक्टरांना विचारा, "आता देऊन पाहायचं का?" घरी स्वतःहून देऊन पाहू नका. ओठ सुजले, धाप लागली, तर लगेच 108 ला फोन करा.