चहाला दम द्या

आमच्या मुर्रीत काय किंवा जवळच्या गोंदियात काय, पाहुणा दारात दिसला की घरात आवाज जातो, 'चहा मांडा!' मग पाणी, साखर, पत्ती, दूध, अद्रक सारं एका गंजात पडतं आणि खळखळा उकळतं. थंडीच्या सकाळी त्या चहाला तोड नाही. पण आज मी बोलणार आहे कपाटात शोभेला ठेवलेल्या चिनी मातीच्या किटलीविषयी.

लग्नात आहेर आलेल्या टी-सेटमधले कप वापरून फुटतात, किटली मात्र कोरीच राहते. ती विस्तवावर चढवायची नसते, तडकेल. तिच्यात चहा उकळायचा नाही, मुरवायचा. पुलावाला आपण दम देतो ना, अगदी तसा!

रीत सोपी आहे. ताजं पाणी उकळत ठेवावं. त्यातलं थोडं गरम पाणी किटलीत घालून फिरवावं आणि फेकून द्यावं. किटलीची जाड भिंत थंड असली तर पाण्याची ऊब तीच पिऊन टाकते, पत्तीला उरत नाही. मग कपामागे एक छोटा चमचा पत्ती घालावी, वरून उकळतं पाणी ओतावं, झाकण लावावं आणि किटलीवर जाड कापड टाकावं. दाणेदार पत्ती असेल तर दोन-तीन मिनिटं, लांब पानाची असेल तर चार-पाच. त्यानंतर सगळा चहा गाळून घ्यावा. पत्ती तशीच पाण्यात राहिली की चहा कडू आणि तुरट होतो.

चिनी मातीच का? तिच्यावरची झिलई कशाचाही वास धरत नाही आणि चहातल्या तुरट द्रव्याशी तिचं भांडण होत नाही. लोखंडाशी ते द्रव्य मिळालं की काळं पडतं. चहा चाखून पाहण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धत १९८० साली ठरली, तिच्यातही भांडं चिनी मातीचं किंवा झिलईच्या मातीचंच सांगितलं आहे.

चहा स्वतःच्या हातानं, मन लावून करणारा एक मोठा माणूस आपल्या महाराष्ट्रात तुरुंगात होता. मौलाना अबुल कलाम आझाद. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या किल्ल्यात ठेवलं. भल्या पहाटे उठून ते आपला चहा आपणच करीत. तिथं त्यांनी एका मित्राला पत्रं लिहिली. ती पाठवण्याची सोय नव्हती. पुढे १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावानं ती छापली गेली. त्यांतलं एक पत्र तर चहावरच रंगलं आहे. मौलाना चिनी चहाचे शौकीन. दूध घातलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नव्हते. आपण इतकं कडक होण्याचं कारण नाही. पण दूध आणि साखर बाजूला ठेवली की पत्ती कशी आहे ते कळतं, हे खरंच आहे.

आणि मला किटली आवडते ती आणखी एका कारणानं. माझ्या वयाच्या माणसांची बैठक बसली की त्यात दोघा-तिघांना साखरेचा आजार असतोच. मग आत सांगणं जातं, 'यांचा वेगळा मांडा.' सांगणाऱ्याच्या मनात माया असते. तरी 'वेगळा' हा शब्द मला टोचतो. या देशात चहानं वेगळेपणा फार पाहिला आहे. इंग्रजांच्या काळात रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' अशा हाका ऐकू येत. कितीतरी गावांच्या हॉटेलांत दलितांची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली असे.

किटलीत साखर नसते, दूधही नसते. एकाच किटलीतून सगळ्यांचे कप भरतात. मग कुणी दोन चमचे साखर घ्यावी, कुणी अजिबात घेऊ नये. कुणी दूध टाकावं, कुणी कोराच प्यावा. कुणासाठी वेगळा गंज चढत नाही, आणि आजारी माणसाला आपण आजारी आहोत याची चारचौघांत आठवण होत नाही.

तेव्हा मंडळी, येत्या रविवारी ती किटली खाली काढा, धूळ पुसा, गरम पाण्यानं विसळा. साखरेचा डबा आणि दुधाचं भांडं मधे ठेवा आणि पाहुण्यांना म्हणा, 'घ्या, आपापल्या हातानं.'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)