उन्हाळी लागली तर लाजू नका

(रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोसायटीला २५ वर्षं झाली, म्हणजे आपणही तेवढेच म्हातारे झालो. म्हणून आज मेंटेनन्स, पार्किंग बाजूला ठेवून आपल्या शरीरातल्या पाइपलाइनबद्दल बोलतो. मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे.

लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं, थेंब थेंब होणं, याला आपण उन्हाळी म्हणतो. मग धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा सुरू. पाणी पोटात जातं, ते चांगलंच. पण बहुतेक वेळा मूत्राशयाला आणि मूत्रमार्गाला जंतूंमुळे सूज आलेली असते. जंतू सहसा ई. कोलाय, आपल्याच आतड्यातले. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, म्हणून त्रास त्यांना जास्त. पुरुषांचं उतारवयात प्रोस्टेट वाढतं, लघवी साचते, जंतूंना फावतं.

आमच्या मंडळींच्या परवानगीनं सांगतो. त्यांना तीनदा उन्हाळी लागली. दरवेळी दुकानातलं सिरप, दोन-तीन गोळ्या, की बरं. चौथ्यांदा थंडी वाजून ताप, कंबरेत कळ. जंतू किडनीपर्यंत पोचलेले. कल्चरच्या रिपोर्टात नेहमीच्या गोळीपुढे लिहिलेलं, ‘रेझिस्टंट’. पाच दिवस सलाइनमधून औषध द्यावं लागलं.

सिरपनं जळजळ कमी होते, जंतू मरत नाहीत. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये त्यासाठी मोहीमही काढली होती. बँकेत व्हाउचर तपासल्याशिवाय पैसे देत नाहीत, तसंच हे. त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, ताप असेल, रुग्ण पुरुष किंवा गरोदर बाई असेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी कल्चरसाठी लघवी द्या. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर औषध सुरू करतात, गरज पडली तर बदलतात. बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धा सोडू नका. थंडी-ताप, उलटी, लघवीत रक्त किंवा म्हातारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि भगिनींनो, जायकवाडीचं पाणी नळाला कितीही दिवसांआड येवो, पिण्यात काटकसर नको. लग्नाला, प्रवासाला निघताना ‘तिथे सोय नसेल’ म्हणून तहान मारू नका, लघवी तुंबवू नका. हृदयाचा, किडनीचा आजार असेल त्यांनी मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारावं. सुनेला, लेकीला हे सांगताना संकोच करू नका.